गारा वळवणारा माणूस

नागपूरच्या मे महिन्यात मुलांना घरात कोंडून ठेवण्यापेक्षा नाटकात गुंतवलेलं बरं, म्हणून शाळेतून निवृत्त झाल्यावर मी वस्तीतल्या समाजभवनात बालनाट्य शिबिर घेऊ लागले. गेल्या उन्हाळ्यात विषय मुलांनीच ठरवला. जादूगारांची जत्रा. प्रत्येकानं एक दुकान लावायचं, माल स्वतःच्या डोक्यातून काढायचा आणि शेवटच्या दिवशी आईबाबांना गिऱ्हाईक करून तो विकायचा.

पहिल्या दिवशी सगळ्या चटयांवर एकच माल आला. पुठ्ठ्याच्या कांड्या, उडते झाडू, पिंजऱ्यातली घुबडं, टोकदार टोप्या. मुलांचा दोष नव्हता. त्यांनी पाहिलेली जादू तेवढीच होती. मी त्यांना तीन प्रश्न दिले: हा माल कुणाला लागतो, विकणारा तो कुठून आणतो, आणि पैशांऐवजी घेणाऱ्यानं काय द्यायचं?

दुसऱ्या दिवशी जत्रा बदलली. एका मुलीनं सोबत चालणारी सावली विकायला काढली. दुपारी बारा वाजता इतवारीत खरेदीला उतरलेल्या बायांसाठी. एकानं डब्यात मृगाचा पहिला पाऊस भरला. एका लहानग्यानं विसरलेलं नाव आठवून देणारी सुपारी आणली, तिची किंमत होती पाठ असलेलं एक गाणं कायमचं विसरणं. त्याच्या आजोबांना अलीकडं घरातल्यांची नावं आठवत नाहीत, हे मला नंतर कळलं.

मग मागं बसलेल्या एका पोरानं विचारलं, "बाई, आपल्या इकडं खरे जादूगार होते काय?"

"होते," मी म्हणाले.

"काय विकत होते?"

"गारा न पडणं."

मुलं हसली. त्यांना मी जे सांगितलं ते इथं नीट मांडते आहे, कारण त्यानंतर कितीतरी मोठ्या माणसांनाही मी विचारलं आणि नागपुरात जन्म काढलेल्यांनीही तो शब्द ऐकला नव्हता. गारपगारी.

मला तो शब्द आजीकडून मिळाला. तिचं गाव काटोलकडे. माघ संपत आला की ती संध्याकाळी ओट्यावर येऊन आभाळ निरखायची. आपल्याकडं गारांचा काळ साधारण जानेवारी ते एप्रिल. बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा आणि पश्चिमेकडून येणारे कोरडे, वरच्या थरात थंड वारे मध्य भारतावर भेटतात, ढग उंचच उंच चढतो आणि त्याच्या पोटात पाण्याचं बर्फ होतं. नेमका तेव्हाच गहू ओंबीवर, हरभरा घाट्यावर, जवस सोंगायला आलेला आणि संत्र्याच्या झाडाला आंबिया बहार. वर्षभराची मेहनत पंधरा मिनिटांत मातीला मिळते. पहिली गार पत्र्यावर वाजली की आजी ओरडायची, "फेक व पोरी, अंगनात विळा फेक!" आम्ही विळा, कुऱ्हाड, जे लोखंड हाताला लागेल ते अंगणात टाकायचो. एकदा मी विचारलं, यानं गारा थांबतात का? ती म्हणाली, "नाई थांबत. थांबवनारा गेला ना. आमच्या गावात गारपगारी होता." तिच्या लहानपणी तो थकला होता. खळ्यावर हक्काची ज्वारी मागायला यायचा, कुणी सुपात घालायचं, कुणी तोंड फिरवायचं.

पुढं वाचनालयात मला तो छापील सापडला. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली लंडनहून निघाला. तेव्हा नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होती. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात गारपगाऱ्यांवर एक छोटं टिपण आहे. पिकांवरून गारा वळवणं हेच ज्यांचं गावातलं काम, अशी ही जात. मूळची नाथपंथी जोग्यांतली, या कामामुळं वेगळी झालेली. वस्ती मुख्यतः नागपूरकडच्या मराठी जिल्ह्यांत आणि वऱ्हाडात. १९११ च्या शिरगणतीत त्यांची संख्या सुमारे ९,००० भरली. एखाददुसरा अवलिया असता तर त्याला आपण दंतकथा म्हटलं असतं. नऊ हजार माणसं म्हणजे व्यवसाय होता, लोहार-सुतारासारखा, गावानं पोसलेला.

त्याचं काम कसं चालायचं? रात्री आभाळ तांबडंकाळं, आगीत धूर मिसळल्यासारखं दिसलं की गारपगारी ओळखायचा. तलवार घेऊन तो मारोतीपुढं जाऊन उभा राहायचा. आधी विनवणी. ढग पांगव, गाव वाचव. विनवणीनं भागलं नाही तर अंगावरचे कपडे टाकून देवालाच धमकी द्यायचा, की मी इथं जीव देईन. कधी बायकोपोरांनाही देवळापुढं उभं करून त्यांना मारीन म्हणायचा. पूर्वी तर स्वतःच्या अंगावर वार करून घ्यायचा. हे सांगताना शिबिरातली मुलं गप्प झाली, आणि मीही थोडी थांबले. त्या बाईला आणि त्या पोरांना त्या रात्री काय वाटत असेल, हे कुणी टिपून ठेवलेलं नाही. वर वीज, समोर शेंदराचा देव आणि बापाच्या हातात तलवार. गारपगाऱ्याच्या धंद्यात मला जे आवडतं ते पुढं सांगणारच आहे, पण ही गोष्ट बाजूला सारून नाही.

या कामाबद्दल त्याला शेतकऱ्यांकडून धान्य मिळायचं. गारा पडोत न पडोत, वर्षाचं ठरलेलं. आणि जबाबदारीही तेवढीच पक्की. त्याच टिपणात चांदा जिल्ह्यातला एक किस्सा आहे. फुलर नावाचे इंग्रज अधिकारी दौऱ्यावर होते, वेळ कमी होता आणि मुक्कामावर पाऊस येईल असं दिसत होतं. भेटीला आलेल्या गावकऱ्यांत एक वयस्क गारपगारी होता. त्याला तळाबाहेर बसवून पाऊस अडवायला सांगितलं. तो रात्रभर बसला आणि पाऊस आला नाही. दुसरा एक प्रसंग याच्या उलट. गारपगारी गैरहजर राहिला आणि दोन दिवसांत तीन इंच पाऊस पडला, म्हणून गावकऱ्यांनी त्याला समोर उभं केलं आणि गावाबाहेर काढायची भाषा केली. पहिला किस्सा लोक रंगवून सांगतात. मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो. गावानं त्याला हिशोब विचारला होता.

ही सगळी हकीकत आपल्यापर्यंत साहेबाच्या लेखणीतून आली आहे, हे विसरून चालणार नाही. गारपगाऱ्यानं स्वतः काही लिहिलं नाही. आपल्याला ढग वळवता येतो असं त्याला खरंच वाटायचं का, की भीतीपोटी उभं राहायचा, की बापानं केलं म्हणून करायचा? नोंद करणाऱ्यानं हे विचारलं नाही. त्यानं एवढं मात्र नमूद केलं की अलीकडं लोकांचा विश्वास उडत चालल्यानं त्याची मिळकत घटली आहे. म्हणजे आजीनं पाहिलेला म्हातारा हा त्या उताराचा शेवट होता.

नाथांच्या या वंशजाला भाऊबंद कुठं कुठं होते, हे कळलं तेव्हा मी चकित झाले. रोमन लेखक सेनेका पहिल्या शतकात निसर्गावर लिहिताना ग्रीसमधल्या क्लिओनाय गावाची गोष्ट सांगतो. तिथं गारांवर नजर ठेवायला सार्वजनिक खर्चानं माणसं नेमलेली असत. त्यांनी इशारा दिला की लोक धावायचे. कुणी कोकराचा बळी द्यायचा, कुणी कोंबडीचा, आणि ज्याच्याकडं काहीच नसे तो टोकदार लेखणीनं आपल्या बोटातून रक्त काढायचा. तेवढ्यावर ढग वळतो अशी श्रद्धा. द्राक्षवेली झोडपल्या गेल्या तर पहारेकऱ्यांना शिक्षा. सेनेकाचा यावर विश्वास नव्हता. पण रक्त, गावाचा पगार आणि चुकलं तर जाब, या तिन्ही गोष्टी काटोलच्या वाटेवर जशाच्या तशा सापडाव्यात, आणि मध्ये अठराशे वर्षं व समुद्र असावेत! ही कुणाची कुणी केलेली नक्कल नव्हती. उभं पीक आणि काळं आभाळ यांच्यामध्ये उभं राहिलेल्या माणसाला जे सुचतं ते सगळीकडं सारखंच सुचलं.

रसेल-हिरालाल माहिती गोळा करत होते त्याच सुमाराला युरोपातले शेतकरी काय करत होते, तेही मी मुलांना सांगितलं. १८९६ साली ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात अल्बर्ट श्टीगर नावाच्या द्राक्षबागायतदारानं गारांविरुद्ध तोफा लावल्या. कर्ण्याच्या आकाराचं उभं नळकांडं, खाली दारूचा बार. बार उडाला की धुराचं कडं शीळ घालत आभाळाकडं जायचं. त्या वर्षी त्याच्या भागात गारा पडल्या नाहीत, आणि दोनतीन वर्षांत उत्तर इटलीत अशा हजारो तोफा उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या. अपघातांत माणसं मेली. मग सरकारी चाचण्या झाल्या आणि १९०४ च्या सुमाराला निष्कर्ष निघाला की तोफांचा काही उपयोग नाही. त्या तोफा सुधारलेल्या रूपात आजही जगात विकल्या जातात. चांद्याचा गारपगारी तलवार घेऊन मारोतीला धमकावत होता तेव्हा शिकलेला युरोप आभाळाला तोफ डागत होता. एकाला आपण अडाणी म्हणतो आणि दुसऱ्याला प्रयोगशील, हे मला न्यायाचं वाटत नाही.

गारपगाऱ्याला गारा थांबवता येत नव्हत्या. हे मी मुलांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं. ज्या नागपुरात १९८२ साली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू झाली, त्या नागपुरात राहून मी त्यांच्या डोक्यात दुसरं काही घालणार नव्हते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्या वर्षअखेर महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला, हेही सांगितलं. मग एका मुलीनं अगदी बरोबर प्रश्न टाकला. "मग तो आणि भोंदूबाबा, यात फरक काय?"

मी उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं, कारण मलाच विचार करायचा होता. बाबाकडं एकटा माणूस जातो, घाबरलेला. तो जितका घाबरलेला तितकी किंमत मोठी. काम झालं नाही तर खोट त्या माणसाच्याच श्रद्धेत निघते, आणि बाबा पुन्हा पैसे मागतो. गारपगाऱ्याला सारा गाव मिळून धान्य द्यायचा, सुगीत, शांत डोक्यानं, आधीच ठरवून. धोका त्याच्या अंगावर. गारा पडल्या तर जाब त्याला. श्रद्धा दोन्हीकडं चुकीचीच, पण एका ठिकाणी ती गावाला धरून होती आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाला गावापासून तोडते.

जत्रेत खोटा आणि घातक माल कसा असतो, यासाठी एक चटई मी मुद्दाम काळ्या कापडानं झाकून ठेवली होती. वार लागून नाव पडलेल्या आपल्या जुन्या बाजारांत, इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी, आणि यात्रांमध्ये मुळ्या, कवड्या, रुद्राक्ष, काळे दोरे, ताईत मांडून बसलेली माणसं मी लहानपणापासून पाहिली. वैदूच्या मालात खरी औषधी वनस्पतीही असायची, त्या ज्ञानाचा मी अनादर करत नाही. पण त्यातच 'हाथाजोडी' मिळायची. दोन हात जोडल्यासारखी दिसणारी, सातपुडा-विंध्यातली दुर्मीळ मुळी म्हणून. तिजोरीत ठेवली की पैसा टिकतो. ती मुळी नसते. नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं. २०१७ साली वन्यजीव अभ्यासकांनी हा व्यापार उघड केला. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. तिला पकडून, भाजून तो अवयव काढतात. तसंच मांडूळ, दोन तोंडांचा साप म्हणून लाखोंच्या गप्पांवर पोत्यात घालून फिरवला जाणारा गरीब, बिनविषारी जीव. तसंच घुबड. पहिल्या दिवशी ज्या पोरांनी घुबडाचे पिंजरे आणले होते त्यांनी ते स्वतःहून कचऱ्याच्या टोपलीत टाकले, आणि जत्रेचा एक नियम ठरला: कुठल्याही जिवाला मारून किंवा डांबून मिळवलेला माल इथं चालणार नाही.

मारबतीचा विषय निघणार हे ठरलेलंच होतं. नागपूरचं मूल जादूच्या जत्रेत मारबतीशिवाय राहील कसं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बांबू, कागद, कापडाच्या प्रचंड काळ्या आणि पिवळ्या मारबती इतवारीतून निघतात, गल्लोगल्लीचे बडग्यांचे पुतळे त्यांच्याबरोबर, आणि रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, जे जे नको ते सगळं त्यांच्या माथी मारून शेवटी त्यांचं दहन होतं. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं मानतात. खेड्यांत हेच काम पळसाच्या फांद्या करतात, पोळ्याला दारात लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आरडाओरडा करत शिवेबाहेर नेऊन टाकायच्या. मुलांना मारबत इतकी घरची वाटते की तिच्याबद्दल मला फार बोलावंच लागलं नाही. एकानं मात्र म्हटलं, "बाई, मारबत जळते तर तिला दुखत नाही. गारपगाऱ्याला दुखायचं." त्याचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

गारपगारी संपला, गारा संपल्या नाहीत. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रावर दिवसेंदिवस गारपीट झाली. पाखरं झाडांखाली मरून पडली होती, संत्री चिखलात. २०१६ पासून शेतकरी पंतप्रधान पीक विमा योजनेत हप्ता भरू लागला आणि गारा पडल्या की ७२ तासांच्या आत कळवू लागला. सुगीत सर्वांनी थोडं थोडं द्यायचं आणि ज्याच्यावर कोसळेल त्याच्या पाठीशी कुणीतरी उभं राहायचं, ही कल्पना गारपगाऱ्याच्या सुपातल्या ज्वारीतही होती. विमा खरा आहे, त्यात रक्त सांडत नाही, आणि आजीच्या त्या म्हाताऱ्यापेक्षा तो शंभरपट बरा. पण आमच्या एका नातलगाचा दावा एका फोटोवरून नाकारला गेला, तेव्हा कुणाला समोर उभं करायचं हे त्याला सापडलं नाही. एक क्रमांक होता, तो लागत नव्हता. मारोतीच्या पारावर निदान तोंड ओळखीचं होतं.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी जत्रा भरली. सावली चांगली खपली, मृगाचा पाऊस सगळाच संपला. मधल्या चौकातलं एक दुकान रिकामं होतं. चटई, पुठ्ठ्याची तलवार, सुपात मूठभर ज्वारी, आणि दुकानदार म्हणून तोच मागं बसणारा पोरगा. माल काहीच नाही. लोक विचारायचे, काय विकतो रे? तो म्हणायचा, "या वर्षी गारा नाई पडल्या ना तुमच्या शेतात? तेच." आणि सूप पुढं करायचा. बहुतेकांनी हसत त्यात काहीतरी टाकलं. काटोलकडून आलेल्या एका आजोबांनी मात्र सूप दोन्ही हातांनी धरलं आणि म्हणाले, "माह्या बापानं याले पायलीभर जवारी देल्ली होती." मग ते त्याच्याजवळ चटईवरच बसले आणि अर्धा तास बोलत राहिले. माझ्याजवळ वही नव्हती म्हणून मी अजून हळहळते.

काटोल, नरखेड, आर्वी, हिंगणघाट, वरोरा, या बाजूला तुमची माणसं असतील, आणि त्यांच्यात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर यंदाच्या सुट्टीत त्यांना एवढंच विचारा: तुमच्या गावात गारपगारी होता का, तो कुठं उभा राहायचा, त्याला काय द्यायचे, त्याच्या घरच्यांचं पुढं काय झालं? त्या घरातलं कुणी भेटलं तर आधी त्यांचं ऐका. जाताना वही न्या.